बोटांना तीन आठवडे सुट्टी

४ सप्टेंबर

ही वही खरं तर कागदपत्रांची यादी करायला आणली होती. यादी केलीही: जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, शाळेचा, कारखान्याचा, प्रत्येकाचं भाषांतर आणि प्रत्येक भाषांतरावर शिक्का. दीड पानात संपली. वही दोनशे पानांची. उरलेल्या पानांत मनातलं लिहावं म्हणते, कारण आज ते मनात मावत नाही.

करार आला! जर्मनीत फ्राउ हाकर म्हणून एक बाई आहेत, त्यांचं पोशाख शिवायचं दुकान आहे. फेब्रुवारीत त्यांच्या गावात सोंगांची मोठी मिरवणूक निघते. राजे, विदूषक, अस्वलं, चेटकिणी, सगळ्यांचे कपडे या बाई शिवतात. त्यांना शिवणारी हवी आहे. एक डिसेंबरला कामावर हजर, नाहीतर जागा दुसरीला. म्हणजे तोवर व्हिसा हातात पाहिजे.

माझी मैत्रीण व्हिओलेता तिथल्या वृद्धाश्रमात काम करते. मी शिवलेला कोट घालून ती या बाईंच्या दुकानात गेली, तर बाईंनी तो तिच्या अंगावरून उतरवला, उलटा केला, शिवण बघितली आणि विचारलं, "हे कोणी शिवलं?" तो कोट म्हणजे मी आयुष्यात अख्खा शिवलेला एकमेव कपडा. बाकी एकोणीस वर्षं मी इथे आमच्या श्टिप गावातल्या शर्टांच्या कारखान्यात डावी बाही लावते आहे. उजवी शेजारची लावते. माझ्या हाताखालून लाखो शर्ट गेले असतील, पण विचाराल तर मी एकही शर्ट शिवलेला नाही. आता अस्वल शिवणार. अख्खं, कानापासून शेपटीपर्यंत!

जेवताना घरात सांगितलं. ट्रायचेने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चमचा खाली ठेवला, म्हणाला, "मग जा की," आणि उठून स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला बसला. तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे, नळ दिसला की त्याचे हात शिवशिवतात, हे मान्य. पण तो नळ गळतही नव्हता. अठरा वर्षांच्या संसाराला "मग जा की"!

सासूबाई म्हणाल्या, "आधी दात दाखवून घे. दात बघतात ते. घोड्याचे बघतात तसे."

"आई, आता कोणी दात नाही बघत."

"माझ्या वेळी बघायचे."

टीव्हीवर पाहिलं असेल कधीतरी. आमच्या नेवेनाबाईंना जगातलं सगळं माहीत असतं.

९ सप्टेंबर

फोटो काढून आले. तीनदा काढावा लागला, कारण हसायचं नाही असा नियम आहे आणि मला हसू आवरेना. फोटोवाला वैतागून म्हणाला, "बाई, जरा नवऱ्याचा विचार करा." केला. लगेच चेहरा पडला. फोटो झकास आला.

व्हिसा केंद्रातली वेळ मिळाली. तीन ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी साडेनऊ, राजधानीत, स्कोप्येला.

एक गोष्ट मात्र खुपते आहे. व्हिओलेता गेली तेव्हा तिच्या आईने उंबऱ्यात पाण्याची घागर ठेवली होती आणि निघताना व्हिओलेताने ती उजव्या पायाने लवंडली. कमाईला परदेशी जाणारा माणूस आमच्याकडे असाच घर सोडतो, त्याची वाट पाण्यासारखी सुटावी म्हणून. घागर घरातली मोठी बाई ठेवते. आमच्या घरातली मोठी बाई म्हणजे सासूबाई, आणि त्यांच्या तोंडून पाच दिवसांत "बरं झालं" एवढंसुद्धा निघालेलं नाही. व्हिसा काय, सरकार देईल. घागर त्यांनीच द्यायची आहे.

१७ सप्टेंबर

मायलेकरांचं काहीतरी शिजतंय. रोज संध्याकाळी अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात दार लावून बसतात. मी कॉफी घेऊन गेले की दोघं गप्प. आज दाराशी थांबून ऐकलं. (ऐकू नये, पण ऐकलं.) सासूबाई टेबलावर हात आपटत होत्या, "पुन्हा! पुन्हा म्हण!" आणि ट्रायचे घशात हाड अडकल्यासारखे आवाज काढत होता. काय म्हणायला लावत असतील? "मी तुला जाऊ देणार नाही," हेच असणार. बिचाऱ्याच्या तोंडून निघत नाहीये, एवढंच.

शेजारच्या पावलिना मावशी म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सर्दी झालीय का गं? काल माझ्या मोरीखाली आडवा पडून नळ बसवत होता आणि एक एक वळसा देताना शिंकल्यासारखं काहीतरी मोजत होता."

आता हे एक नवीन. डोक्यावर परिणाम झाला की काय? मी जायच्या आधीच ही गत, तर मी गेल्यावर काय होणार!

२४ सप्टेंबर

कडाक्याचं भांडण. सासूबाईंनी आयवारसाठी, म्हणजे हिवाळ्यासाठी भरून ठेवायच्या भाजक्या मिरच्यांच्या चटणीसाठी, ऐंशी किलो मिरच्या सांगितल्या. ऐंशी! दरवर्षी चाळीस असतात. घरातलं एक खाणारं तोंड कमी होणार आणि मिरच्या दुप्पट. आणि मुहूर्त कोणता, तर पुढचा शनिवार-रविवार, म्हणजे माझ्या मंगळवारच्या तोंडावर.

"आई, एक आठवडा पुढे ढकलू या ना."

"मिरच्यांना सांग की तुझी सरकारी वेळ आहे म्हणून. थांबतात का बघ."

"मग पावलिना मावशींना बोलवा सोलायला."

"घरात सून असताना शेजारीण मिरच्या सोलणार? गल्ली काय म्हणेल?"

गल्ली काहीही म्हणणार नाही, गल्ली स्वतः मिरच्यांत गळ्यापर्यंत बुडालेली असेल. पण सासूबाईंपुढे कोणाचं चाललंय! मी जाते आहे हे त्यांना झोंबलंय, म्हणून जायच्या आधी पिळून घेताहेत. लिहिलं. बरं वाटलं.

१ ऑक्टोबर

दोन दिवस पेन धरायला फुरसत नव्हती, आणि आज बोटांत धरवत नाहीये, तरी लिहिणार, कारण मजा आली. हो, मजा आली, खोटं कशाला बोलू!

काल पहाटेपासून गल्लीत प्रत्येक अंगणात शेगडी पेटलेली. धूर इतका गोड, की सकाळी कामाला निघालेली माणसंही दारादारात थांबून भाकरीचा तुकडा मागत होती. ट्रायचे पत्र्यावर मिरच्या भाजत होता, काळ्या झाल्या की पातेल्यात टाकून झाकण. मी आणि सासूबाई समोरासमोर बसून सोलत होतो. नियम जुने आहेत. मिरची गरम असतानाच सोलायची, नाहीतर साल चिकटते. पाण्यात बोट बुडवायचं नाही, चव जाते. हातमोजे घालायचे नाहीत, रबराचा वास लागतो. मध्येच तिखट मिरच्यांचं पोतं निघालं, कारण अर्ध्या बरण्या तिखट हव्यात.

पावलिना मावशी कुंपणावरून ओरडल्या, "नेवेना, सुनेला निदान श्वास तरी घेऊ दे!"

"घेतेय की! तिकडे गेल्यावर तिला असा धूर मिळणार आहे का?"

आज दिवसभर मोठ्या परातीत आयवार शिजत होता आणि तिघं आळीपाळीने लाकडी सराटा फिरवत होतो. फिरवायचा थांबला की करपतो. ट्रायचेने सराट्याला माइकसारखं तोंड लावून गाणं म्हटलं. सासूबाई हसल्या तेव्हा त्यांचा सोन्याचा दात दिसला. शेवटची बरणी भरली तेव्हा मोजल्या, अडुसष्ट. बारा त्यांनी बाजूला काढून फडक्यात गुंडाळल्या. "या कोणाच्या?" म्हटलं, तर म्हणाल्या, "ज्याच्या असतील त्याच्या."

बोटांची टोकं लाल, गुळगुळीत, आणि आतून शेकतायत. पण परवा मी व्हिसा केंद्रात असेन. सगळे कागद तीनदा तपासले. एकही कमी नाही.

३ ऑक्टोबर

सगळे कागद होते. बोटं नव्हती.

क्रमाने लिहिते. खिडकीतल्या चष्मेवाल्या मुलीने फाइल बघितली, म्हणाली, इतकी नीट फाइल महिन्यात पाहिली नाही. मी फुलले. मग म्हणाली, "उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवा." ठेवली. यंत्र लाल. "जरा दाबा." दाबली. लाल. डावा हात, लाल. अंगठे, लाल. तिने काच पुसली, माझी बोटं पुसली, तिच्या साहेबाला बोलावलं. त्याने माझा हात उजेडाकडे धरला आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आयवार केलात का?"

मी मान खाली घातली.

"या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या. दरवर्षी ऑक्टोबरात हेच. माझी आई सोलते ना, तिचा फोन तिच्या बोटाने महिनाभर उघडत नाही. कातडीच जाते हो वरची."

ठसे लागले नाहीत तर अर्ज पुढे जात नाही. तिने चोवीस ऑक्टोबरची वेळ दिली. तीन आठवडे. म्हणाली, "बोटांना सुट्टी द्या. पाणी नको, साबण नको, सुई तर नकोच. तेव्हाही लाल आलं तर मग डॉक्टरांचा दाखला लागेल, पुढची वेळ जानेवारीत." जानेवारीत माझी अस्वलं दुसरीच कोणीतरी शिवत असेल.

परतीच्या बसमध्ये रडले. डोळे पुसले तर बोटांना मिरचीचा वास होता, म्हणून आणखी रडले.

४ ऑक्टोबर

काल घरी येऊन जे बोलले ते लिहायची लाज वाटते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासूबाईंना म्हटलं, "तुम्हाला मी जायला नकोच होतं! म्हणूनच ऐंशी किलो, म्हणूनच शनिवार! माझ्या हातातोंडाशी आलेला घास तुम्ही काढून घेतलात!"

त्या पांढऱ्या पडल्या आणि खुर्चीत बसल्या. ट्रायचे पुढे आला तर त्याला हातानेच मागे सारलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "दात बघायचे. बोटांचं कोणी बोललं नव्हतं."

थोड्या वेळाने माझ्या खोलीत आल्या. हातात ती लाल तेलाची बाटली. पिवळी रानफुलं तेलात घालून चाळीस दिवस खिडकीत उन्हात ठेवतात ते, भाजल्यावर लावायचं. ती बाटली त्या कोणालाही देत नाहीत, पावलिना मावशींनाही थेंब मोजून. पलंगावर बसल्या आणि माझं एकेक बोट घेऊन तेल जिरवत राहिल्या. दहाही.

आम्हाला मूल झालं नाही. एवढ्या तिखट जिभेची बाई, पण त्यावरून मला त्यांनी आजवर कधी टोचलं नाही. ही गोष्ट मी काल रागात विसरले होते. आज आठवली.

६ ऑक्टोबर

माझी बोटं आता सरकारी मालमत्ता आहेत. सासूबाईंचा हुकूम. त्यांनी जुनी चादर फाडून दहा बोटांना दहा टोप्या शिवल्या. शिवण वाकडी, पण मापाला बसल्या.

कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. साहेबांनी कारण विचारलं तर टोप्या दाखवल्या. हसत सुटले.

९ ऑक्टोबर

आज काहीही केलं नाही.

१० ऑक्टोबर

आजही नाही. भांडी सासूबाईंनी घासली. कपडे ट्रायचेने धुतले आणि पुढच्या गॅलरीत, भर रस्त्यावर, स्वतः वाळत घातले. पावलिना मावशी खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. "अरे ट्रायचे, तो परकर उलटा घातलायस! झग्याला चिमटा खांद्यावर नाही लावायचा!" तो शांतपणे म्हणाला, "शिकतोय मावशी. या वयात बरंच शिकतोय."

शिकतोय म्हणजे माझ्यावाचून राहायला शिकतोय. बरंच आहे. शहाणपणाचंच आहे. मग मला का एवढं वाईट वाटावं?

खरं सांगू का वही, मला अस्वल शिवायचंय, फार शिवायचंय. पण शिवून झाल्यावर ते दाखवायचं कोणाला, हा विचार मी करत नाही. आज केला.

१५ ऑक्टोबर

टोप्यांमुळे कोटाची बटणं लावता येत नाहीत. ट्रायचे लावून देतो. आज चर्चला जाताना लावत होता, तर एकेक बटण भलत्याच काजात घालत होता. म्हटलं, "काय रे?" तर म्हणाला, "बटणं बारीक आहेत." माझी बटणं चांगली मोठ्या नाण्याएवढी आहेत.

२० ऑक्टोबर

आता मात्र हद्द झाली. सकाळी ट्रायचे स्कोप्येला गेला. "पंपाचा एक भाग आणायचाय." ठीक. पण पांढरा शर्ट? दाढी दोनदा? अत्तर? पंपाला अत्तराचा वास लागतो का?

सासूबाई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि त्याच्या खांद्यावरून तीनदा हात फिरवला. कानात काहीतरी सांगितलं. तो घामाघूम.

संध्याकाळी परत आला तो रिकाम्या हाताने. "पंपाचा भाग?" "मिळाला नाही." आणि चेहरा कसा, कोणी धरून पिळल्यासारखा. आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "काय विचारलं?" तो म्हणाला, "डॉक्टरची वेळ कशी मागायची ते." दोघं माझ्याकडे बघून गप्प.

डॉक्टर! देवा, हा आजारी तर नाही? मी उगाच भलते संशय घेत बसले. चोवीस तारीख होऊ दे, मग याला मीच डॉक्टरकडे नेणार.

२४ ऑक्टोबर

हिरवं! हिरवं! हिरवं!

ट्रायचे सोबत आला होता. मी टोप्या काढत होते तेव्हा तो भिंतीवरची जर्मन पाटी ओठ हलवत वाचत बसला होता, जसं काही कळतंच आहे. चष्मेवाल्या मुलीने मला ओळखलं. "या आयवारवाल्या ताई! किती बरण्या झाल्या?" "अडुसष्ट." उजवी चार बोटं ठेवली. डोळे मिटले. माझ्या जन्मात मी एवढी प्रार्थना केली नसेल, आणि तीही एका काचेसमोर. टुंग् असा आवाज झाला. डोळे उघडले तर हिरवं. डावी चार, हिरवं. डावा अंगठा, हिरवं. उजवा अंगठा लाल आला. सगळं केंद्र थांबलं. मागची माणसं उठून उभी राहिली. मुलगी म्हणाली, "जरा फुंकर मारा." मी मारायच्या आधी ट्रायचेनेच वाकून मारली. हिरवं.

मागे एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर ट्रायचेने मला पेस्ट्री घेऊन दिली आणि माझ्या अंगठ्याचा मुका घेतला, भर चौकात. निकाल चार-पाच आठवड्यांत. एक डिसेंबरला मोजून साडेपाच आहेत.

घरी सासूबाई फाटकात उभ्या. लांबूनच दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली. त्या आत पळाल्या. डोळे पुसायला नाही, त्या तसल्या नाहीत. दूध उतू जात असेल.

८ नोव्हेंबर

मित्रोव्हदेन. जुन्या काळी याच सणाला गड्यांचे करार संपायचे आणि नवे व्हायचे. माझा करार टेबलावर पडून आहे, पत्र नाही. पाहुणे आले, सगळ्यांनी विचारलं, "आला का?" प्रत्येकाला "येईल" म्हटलं. घागरीबद्दल कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. मागून घेतलेल्या घागरीचा काय उपयोग?

१४ नोव्हेंबर

आजही क्रमानेच लिहिते.

पोस्टमन जर्मन नाव छापलेला लिफाफा घेऊन आला. मी नाव न बघताच फाडला. पासपोर्ट नव्हता. एक जाड कागद, शिक्का, आणि त्यावर ट्रायचेचं नाव. भाषेची पहिली परीक्षा, बोलणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे. गुण त्रेसष्ट. उत्तीर्ण.

मी अंगणात जाऊन तो कागद नुसता समोर धरला. सासूबाईंनी चष्मा लावला, वाचला, आणि लेकाच्या पाठीत धपाटा घातला.

"त्रेसष्ट? फक्त त्रेसष्ट? मी तुला शंभराचं शिकवलं होतं!"

"आई, साठाला पास आहे!"

"तीनच गुण वर? तुझा बापही असाच, उंबऱ्याला लागला की घर आलं म्हणायचा!"

मग सगळं बाहेर आलं. व्हिओलेताने ट्रायचेला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की मी तिथे स्थिरावले की नवऱ्याला बोलावता येतं, पण त्याला एवढी एक परीक्षा द्यावी लागते. म्हणून "मग जा की"! म्हणून शिंका, म्हणून अत्तर.

"मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"नापास झालो असतो तर? तू म्हणाली असतीस, मग मीही नाही जात. तुला मी ओळखत नाही का, स्नेझे?"

मी त्याला मारलं, मग मिठी मारली, मग परत मारलं.

"आणि आई, तुम्हाला जर्मन कुठून येतं?"

सासूबाई आत गेल्या आणि कपाटाच्या तळातून एक पुस्तक आणलं. पानं पिवळी, कोपऱ्यात नाव, साल १९७०. तेव्हा त्या वीस वर्षांच्या, नुकतं लग्न झालेलं. जर्मन कारखान्यासाठी बायका निवडायला माणसं आली होती. डोळे बघितले, दात बघितले, निवडलं. घड्याळांच्या कारखान्यात. चार महिने त्या गुरं राखताना शब्द पाठ करत होत्या.

"मग?"

"मग निघायचा दिवस आला. पेटी घेऊन उंबऱ्याशी आले तर उंबरा कोरडा. सासू आत झोपलेली. म्हणे, मी मरतेय, ही निघाली. बिनपाण्याची कशी जाणार? पेटी आत ठेवली." त्यांनी पुस्तक मिटलं. "त्या दिवशी मरायला टेकलेली बाई पुढे बावीस वर्षं जगली. मीच केलं तिचं सगळं. शब्द मात्र विसरले नाही. कोणाला तरी द्यायचे म्हणून ठेवले होते."

मला "माझ्या वेळी दात बघायचे" आठवलं. मी टीव्ही म्हटलं होतं! मिरच्या ऐंशी किलो कशासाठी, तेही आता विचारावं लागलं नाही. फडक्यातल्या बारा बरण्या माझ्या पेटीशेजारीच ठेवलेल्या आहेत, मला आज दिसल्या.

"आणि आम्ही दोघंही गेल्यावर तुम्ही?"

"पावलिना येतेय खालच्या खोलीत. दोघी म्हाताऱ्या, एक शेगडी, एक टीव्ही. भांडायला माणूस असलं की घर भरलेलं असतं."

२३ नोव्हेंबर

आला! पासपोर्ट, आणि आत व्हिसा. फोटोत मी नवऱ्याचा विचार करून चेहरा पाडलेली. आता तो फोटो बघून हसू येतं.

पावलिना मावशींनी कुंपणावरूनच विचारलं, "कधीपासून?" मी कुंपणावरूनच ओरडले, "एक तारखेपासून!" पलीकडच्या दोन अंगणांतून "शाबास!" आलं.

२८ नोव्हेंबर, बसमध्ये

अक्षर हलतंय, बस हलतेय.

दुपारी एकची बस. बारा वाजता पेटी दारात, बारा बरण्या दोन पिशव्यांत, प्रत्येक बरणी माझ्याच जुन्या मोज्यात. गल्ली जमलेली. मी जिन्यावरून खाली आले आणि आधी उंबऱ्याकडे बघितलं.

घागर होती. तांब्याची, घासून लखलखीत, काठोकाठ पाणी, वर तुळशीची काडी. सासूबाई शेजारी उभ्या, नवा रुमाल डोक्याला बांधलेला, चेहरा कडक.

"उजवा पाय," त्या म्हणाल्या. "आणि नीट मार. लाजत लाजत लवंडू नकोस."

मी पाय उचलला आणि खाली ठेवला. म्हटलं, "आई, आधी तुम्ही."

"वेड लागलं का? मी कुठे निघालेय?"

"त्रेपन्न वर्षं झाली. तुमचं राहिलंय."

सासूबाईंनी घागरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही हातांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि अशी लाथ घातली, की घागर पायऱ्यांवरून टणटणत पावलिना मावशींच्या फाटकाला जाऊन आपटली. पाणी सगळ्यांच्या अंगावर. ट्रायचेचा पांढरा शर्ट ओला, पोस्टमनची टोपी ओली. आणि सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या, ओल्या पायांनी, सोन्याचा दात दाखवत हसताहेत. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्या जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. ट्रायचेने मान हलवली, "बरोबर आहे, आई." मला एक अक्षर कळलं नाही.

मग लेकाकडे वळून ओरडल्या, "बघतोस काय! पाणीखात्यातला ना तू? भर दुसरी!"

तो धावत गेला आणि घागर भरून घेऊन आला, अर्धी वाटेतच सांडत. तिला पोचा आला होता. मी उजवा पाय मारला. नीट मारला.

बसपर्यंत तो पेटी घेऊन आला. बटणं मला लावता येत होती तरी त्यानेच लावली. म्हटलं, "आई काय म्हणाल्या ते सांग ना."

तो म्हणाला, "तेच, पुस्तकातलं पहिलं वाक्य. 'नमस्कार, मी आले.'"